तायड्यांची सही

तपासायला नमुना कोणीही आणो, तायडे आधी विचारायचे, "हे कोनापाशी राहीन?"

समोरचा माणूस हमखास गोंधळायचा. परतवाड्याचा एक ठेकेदार शाळेच्या स्लॅबसाठी घेतलेल्या सळयांचे तुकडे घेऊन आला होता. सळया कुठे ठेवल्यात असं साहेब विचारताहेत, असं वाटून त्यानं गोदामाचा पत्ता सांगितला. तायडे म्हणाले, "गोदामाचं नाही इचारलं, बावा. ह्या सळयाईच्या खाली कोन बसन?"

"पोरं बसतील साहेब. चौथीची."

"हां. मंग बसा जरासक. घाई करू नोका."

मग तुकडा घेऊन ते खिडकीपाशी जात, उजेडात फिरवून पाहत, नखानं गंज खरवडत. ठेकेदाराला बस गाठायची असे, मला वर्गावर जायचं असे, पण त्या दोन-चार मिनिटांत तायड्यांना हाक मारण्यात अर्थ नसे.

अमरावतीचं आमचं तंत्रनिकेतन तेव्हा नवं होतं. पन्नाशीचं दशक सरत आलं होतं. भिंतींना चुन्याचा वास होता आणि प्रयोगशाळेत एकच दांडगं यंत्र होतं, लोखंड ताणून तोडायचं. मी रुजू झालो तेव्हा ते तायड्यांच्या ताब्यात होतं. आम्हा दोघांना मिळून एक टेबल आणि एक कपाट. पहिल्याच दिवशी मी राहायला खोली शोधतोय म्हटल्यावर ते हसले. "अमरावतीत भल्ल्या खोल्या हायेत, देशमुख. मी गेलो तं थ्या सगळ्या कालच गेल्या होत्या. तुमी जाऊन पाहा, आज रिकाम्या असतीन." तायड्यांच्या घरानं छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आडनाव सांगितलं की घरमालकाला खोली आधीच दिल्याचं आठवायचं. शेवटी कॅम्प भागाच्या पलीकडे एका रेल्वेतल्या माणसानं त्यांना जागा दिली. हे सगळं ते हसत सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला कुठे पाहावं ते कळायचं नाही.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. लोखंडाचा तुकडा वरच्या आणि खालच्या जबड्यात घट्ट धरायचा आणि तेलाच्या दाबानं हळूहळू ताणायचा. तबकडीवरचा काटा चढत जातो, मध्येच अडखळतो. तिथून लोखंड लांबायला लागतं. मग एका जागी बारीक होतं, कंबर निघते, आणि शेवटी बंदुकीसारखा आवाज होऊन तुटतं. पोरं त्या आवाजाची वाट पाहत कान झाकून उभी राहायची. तायडे ओरडायचे, "आवाजाचं काय पाहता? काटा कुठी थबकला थे पाहा! चांगलं लोखंड सांगून तुटते. न सांगता तुटते, थ्याच्यापासून दूर राहा." एकदा एक कविमनाचा विद्यार्थी म्हणाला, "सर, माणूससुद्धा असाच तुटतो, नाही?" तायड्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मानसाचं मले मालूम नाही राजा. तू लोखंडाचं लिही."

तायडे कोरडे होते असं मात्र नाही. शेंदूरजनाघाटचा एक संत्र्यांचा व्यापारी पेट्या बांधायला मुंबईहून आलेली प्लॅस्टिकची दोरी घेऊन आला. त्या काळी आमच्याकडे हे प्रकरण नवलाचं होतं. यंत्रात धरून ताणली तर दोरी लांबतच गेली. यंत्राची हद्द संपत आली तरी तुटेना. "अरे, हे तं लगनातल्या भाषनावानी लांबून राहिलं!" म्हणत तायडे इतके हसले, की व्यापारीही पोट धरून हसला आणि जाताना टेबलावर संत्री ठेवून गेला.

त्या हसण्याची सवय त्यांना धाकट्या भावामुळे असावी. मधू अकोल्याला एका रुईच्या प्रेसमध्ये कामाला होता. वडील लवकर गेले. घरात शिकायला एकालाच पाठवता येईल अशी वेळ आली, तेव्हा मधूनं स्वतःच शाळा सोडली. तायडे सांगायचे, "तो माह्याहून हुशार होता, देशमुख. गनितात तं फारच. पन मले म्हने, दादा, तुले उचलाचं काम जमत नाही, तू शिक." तायड्यांची बोर्डिंगातली वर्षं, नागपूरची पदवी, या सगळ्यामागे मधूची पाठ होती. आई दर्यापूरकडच्या गावी राहायची. तिला दोघे "माय" म्हणत. तिच्या बोलण्यात मोठ्याचा मान असायचा आणि धाकट्याचा लाड.

पावसाळ्यात प्रेस बंद असायची. तेव्हा मधू अमरावतीला यायचा. उंच, भरलेल्या खांद्यांचा, दारातून आत येताना वाकणारा. पहिल्यांदा यंत्र पाहिलं तेव्हा त्यानं खांब हातानं चापटून पाहिला, बैलाची पाठ चापटावी तसा. मी नाव सांगितल्यावर म्हणाला, "दर्यापूरचे देशमुख? मंग तुमच्या वावरातला कापूस मीनंच दाबला असन!"

एका वर्षी मात्र तो कामाचं बोलायला आला होता. प्रेसमध्ये रुई पेटीत दाबतात, दाबलेल्या रुईभोवती लोखंडी पट्ट्या आवळून त्यांच्या कड्या बसवतात आणि मग दाब सोडतात. दाब सुटला की रुई फुगायला पाहते आणि सगळा भार पट्ट्यांवर येतो. पट्टी कच्ची असेल तर त्याच क्षणी तुटते आणि चाबकासारखी फिरते. मागच्या हंगामात एकाचा दंड फाटला होता. मजूर घाबरले होते. मधूनं मॅनेजरला गाठून सांगितलं होतं, की माझा भाऊ अमरावतीला लोखंड तपासतो, नव्या पट्ट्या त्याच्याकडून तपासून घेऊ. मॅनेजर कबूल झाला होता.

"दादा, तू पाह्यलं म्हनजे पोराईची भीती जाईन," मधू म्हणाला.

तायड्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. विचारायचं कारणच नव्हतं.

प्रेसच्या माणसानं आणलेल्या पट्ट्या त्यांनी एकेक करून तपासल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या. काटा वर चढायचा, थबकायचा, पट्टी लांबायची, उशिरा तुटायची. तायड्यांनी अहवाल लिहिला, खाली सही केली. मधूनं तो कागद घडी न करता वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. पुढे कळलं, की तो प्रेसच्या भिंतीवर लावला गेला आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी मधूनं सगळ्यांना तो दाखवला. "माया दादाची सही हाये. आता डरू नोका."

दिवाळीनंतर प्रेस सुरू झाली. मधूची बायको कमल पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि तिला मुलगी झाल्याचं आम्हाला कळलं होतं. थंडी पडली होती. एका सकाळी प्राचार्यांच्या शिपायानं येऊन सांगितलं, "तायडे साहेब, अकोल्याचा फोन हाये." ते गेले आणि लगेच परत आले. कपाटाला कुलूप लावायचा प्रयत्न करत होते, किल्ली बसत नव्हती. मी त्यांच्या हातातून किल्ली घेतली. म्हणाले, "मधूले पट्टी लागली."

आम्ही मिळेल त्या बसनं निघालो.  मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा चहा विकणारा खिडकीशी आला, तर तायडे त्याच्याकडे असे पाहत राहिले की तो आपोआप पुढे गेला.

मधू दवाखान्यात होता. पट्टी मानेपासून छातीपर्यंत फिरली होती. शुद्धीवर होता. डॉक्टरांनी एकालाच आत सोडलं. मी व्हरांड्यात प्रेसमधल्या मजुरांबरोबर बसून राहिलो. दुपारभर आतून मधूचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, एक सोडून. "माय" एवढं कळत होतं. ते पुन्हा पुन्हा येत होतं. गावी निरोप गेला होता, पण गावाहून गाडीवाटेनं दर्यापूर आणि तिथून अकोला, म्हातारी पोचणार कधी? संध्याकाळी आवाज थांबला. तायडे बाहेर आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. त्यांच्या सदऱ्याची बाही रक्तानं कडक झाली होती.

माय दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. दवाखान्याच्या फाटकाशीच तिनं तायड्यांचे दोन्ही हात धरले. रडली नाही. तिनं विचारलं, "लय तरास झाला काय रे त्याले?"

मी बाजूलाच उभा होतो. तायड्यांचा चेहरा मला दिसत होता. ते म्हणाले, "नाही माय. जागच्या जागी गेला. त्याले समजलं बी नाही."

म्हातारीनं डोळे मिटले. तिच्या अंगातलं काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मजुरांपैकी कोणी बोलू नये म्हणून तायड्यांनी तिच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहून हात जोडले. 

तेवढ्यात प्रेसचा मॅनेजर आला. चार लोकांसमोर त्यानं दुःख व्यक्त केलं आणि सुस्कारा टाकून म्हणाला, "काय करता? पट्ट्या तर आमी साहेबाकडूनच तपासून घेतल्या होत्या." साहेब म्हणजे तायडे. मायनं मान वर केली.

"तू पाह्यल्या होत्या ना रे पट्ट्या?"

"पाह्यल्या होत्या, माय. पन ही थ्यातली नव्हती. ही जुनी होती. तोडून जोडेल होती."

"तुले कोनं सांगतलं?"

तायडे गप्प झाले.

मला तेव्हा वाटलं, दुःखानं त्यांना बोलणं सुचत नाहीये. मजूर जमिनीकडे पाहत होते. मॅनेजर तिथेच उभा होता आणि त्यांना उद्या त्याच्याच दारात जायचं होतं. म्हातारीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग हात सोडले. "सही तं तुयीच होती," ती म्हणाली, आणि आत मधूकडे गेली.

विधी झाल्यावर तायडे प्रेसमध्ये गेले. मीही गेलो. तुटलेली पट्टी मागितली तर मॅनेजरनं एक पट्टी आणून दिली. तायड्यांनी ती उजेडात फिरवली आणि खाली ठेवली. "ही थे नाही." मॅनेजर म्हणाला, "हीच हाये." कोपऱ्यात जुन्या पट्ट्यांचा ढीग असायचा, तिथे जमीन झाडून स्वच्छ केलेली होती. भिंतीवर अहवाल होता. तायड्यांनी तो काढला नाही. आम्ही बाहेर पडलो.

काय घडलं होतं ते मला महिन्याभरानंतर कळलं. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. मी म्हणालो, "तुम्हाला पट्टी जुनी होती हे कसं कळलं? तुम्ही तर पाहिली नव्हती." ते बराच वेळ यंत्राचं तेल पुसत राहिले. मग म्हणाले, "मधूनं सांगतलं. मी आत गेलो तं पहिलं थेच बोलला. दादा, थ्या तुया पट्ट्या नव्हत्या. नव्या सरल्या, शेटनं जुन्या काढल्या. आमी नाही म्हनलं तं मॅनेजर म्हने, ज्याले जाचं त्यानं जा. दादा, तू मनाले लावून घेऊ नोको." ते थांबले. "त्याले बोलता येत नव्हतं, देशमुख. तरी थेवढं पुरं बोलला. मंग मायले हाका मारत राह्यला. मी म्हनत होतो, येऊन राहिली, आता येतेच."

मी म्हटलं, "हे तुम्ही मायला सांगा. ती तुम्हाला दोष देतेय."

"कसं सांगू? कोनं सांगतलं इचारलं तं मधूनं सांगतलं म्हना लागन. म्हनजे तो बोलत होता. म्हनजे जिता होता. मंग ती इचारन, अजून काय बोलला? म्हातारीनं एकच गोष्ट धरून ठेवली हाये, का पोराले तरास झाला नाही. थे मी तिच्या हातातून काढून घेऊ?"

"पण तुमचं काय?"

"माह्यं काय," ते म्हणाले आणि फडकं झटकून कपाटात ठेवलं.

पुढच्या हंगामाआधी त्यांनी प्राचार्यांकडून परवानगी घेतली आणि सुटीच्या दिवशी अकोला, मूर्तिजापूर, अमरावती इथल्या प्रेसमध्ये स्वतः जाऊ लागले. "नमुना तुमी द्याचा नाही, मी घेतो," ही त्यांची अट. काहींनी फाटकातूनच परत पाठवलं. मग त्यांनी मजुरांनाच रविवारी प्रयोगशाळेत बोलवायला सुरुवात केली. लाल धुळीनं माखलेल्या चपला दाराबाहेर काढून ती माणसं आत यायची, भिंतीला टेकून उभी राहायची. तायडे आधी नवी पट्टी ताणून दाखवायचे, मग रिव्हेट मारून जोडलेली जुनी. जुनी पट्टी नव्या पट्टीच्या निम्म्या भारालाही पोचायची नाही. ताडकन जायची. त्या आवाजाला सगळे दचकायचे. तायडे दचकायचे नाहीत, पण दर वेळी त्यांचा डावा हात उजव्या बाहीकडे जायचा. "अशी दिसली तं हात लावू नोका," ते सांगायचे. "मॅनेजर काय म्हनते थे आयकू नोका." हळूहळू मजूर जोडलेल्या पट्ट्या नाकारू लागले. एकट्यादुकट्याला हाकलता येत होतं, सगळ्यांना नाही. मधूच्या प्रेसमध्ये जुन्या पट्ट्या भंगारात गेल्या, पण तोपर्यंत मधूला जाऊन तीन हंगाम झाले होते.

तायडे दर पंधरवड्याला गावी जायचे. माय त्यांना घरात घ्यायची, पाणी द्यायची, भाकर वाढायची. भांडली कधीच नाही. पण बोलायची ती मधूच्या पोरीशी किंवा कमलशी. तायड्यांनी एकदा तिच्यासाठी लुगडं नेलं, ते तिनं कमलला दिलं. एका वर्षी ते नेहमीपेक्षा लवकर परत आले. मी कारण विचारलं. म्हणाले, "पोरगी माह्या मांडीवर येऊन बसली. मायनं उचलून नेली. काही बोलली नाही. फक्त उचलून नेली." त्यांनी लग्न केलं नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा, "घरात आनंदाचं काही नेलं तं मायले अजून लागन," एवढंच उत्तर मिळालं.

साठीच्या दशकाच्या शेवटी शेवटी म्हातारी आजारी पडली. गावात उपाय चालेना, म्हणून तायड्यांनी तिला अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. कमल तेव्हा नर्सचं शिक्षण घेत होती. तायड्यांनीच तिला पाठवलं होतं. ती वॉर्डातली पाळी संपवून यायची, बाकी सगळं तायडे. सकाळी अंग पुसायचे, तोंडात थेंब थेंब पाणी घालायचे, दुपारी वर्ग घेऊन पुन्हा यायचे. म्हातारी त्यांच्याकडून सगळं करून घ्यायची आणि छताकडे पाहायची.

एका दुपारी मी भेटायला गेलो. तायडे खाटेच्या पायाशी बसून तिच्यासाठी संत्रं सोलत होते. म्हातारीनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"देशमुखभाऊ, तुमी होते ना थ्या दिवशी अकोल्याले?"

"होतो, माय."

"यानं मले एक सांगतलं. तुमी खरं सांगा. माया मधूले तरास झाला काय?"

संत्रं सोलणारे हात थांबले. मी तायड्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, काहीच केलं नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर तेवढंच. माझ्या ओठांवर दुसरंच आलं होतं. माय, तुझ्या या पोराचा काही दोष नाही, मधूनं मरताना हेच सांगितलं, असं म्हणायला एक श्वास पुरला असता.

"नाही, माय," मी म्हणालो. "जागच्या जागी गेला. मी पाहिलं ना."

"बरं झालं," ती म्हणाली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या निवल्या. मग थोड्या वेळानं, डोळे मिटलेलेच, कोणाला उद्देशून न बोलता ती म्हणाली, "यानं नीट पाह्यलं असतं, तं आज माहा मधू असता."

तायडे उठले. संत्र्याची एक फोड त्यांनी साल काढून, बिया काढून तिच्या ओठांशी धरली.

"हो, माय," ते म्हणाले. "घे."

तिनं ती फोड घेतली. दोन दिवसांनी ती गेली.

स्मशानातून परतताना आम्ही दोघेच मागे राहिलो. ऊन होतं. रस्त्याच्या कडेला एक पार होता, तिथे ते बसले. मला वाटलं थकले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "तुमचे उपकार हायेत, देशमुख."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"आता कोनाले बी सांगता येईन," ते म्हणाले. "आता काही अडचन नाही." आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांकडे असे पाहू लागले, जणू त्यांतल्या कोणाला थांबवून सांगावं ते ठरवताहेत. थोड्या वेळानं तोंडावर टोपी दाबून ते रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माणसं वळून पाहत होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो, आणि ते टोपीच्या आतून परत परत म्हणत होते, "माय व, मी पाह्यल्या होत्या. मी नीट पाह्यल्या होत्या."